सायलस कापेम्ब्वा आणि मागे घेतलेला घोडा

सायलस कापेम्ब्वानं एनॉक चिलेक्वाचा जबडा मोडला, तो बुद्धिबळाच्या पटानंच. पट मुक्वाच्या लाकडाचा होता, खाणीच्या सुतारखान्यात बनवलेला, एरवी दोन्ही हातांनी उचलावा लागे असा जड. सायलसनं तो एका हातानं उचलला. मोहरे खोलीभर उडाले आणि एनॉक खुर्चीसकट मागे कोसळला. ओली फांदी पिळून मोडावी तसा आवाज झाला. तो मी अजून विसरलेलो नाही.

मुफुलिरा या तांब्याच्या खाणीच्या गावात, खाण कामगारांच्या करमणूक केंद्रात दर शनिवारी दुपारी आमचा क्लब भरायचा. मी क्लबाचा सचिव. शाळेत गणित शिकवायचो आणि बुद्धिबळ बेताचंच खेळायचो. क्लबात भट्टीवरचे लोक होते, जमिनीखाली काम करणारे होते, एक दोन कारकून होते. सायलस मात्र खाणीचा पोलीस. तांब्याच्या तारा चोरणाऱ्यांना पकडायचं हे त्याचं काम, आणि पकडलेला माणूस ठाण्यावर स्वतःच्या पायांनी चालत गेला असं क्वचितच व्हायचं. एकाचा गुडघा त्यानं असा फोडला होता की तो माणूस जन्माचा लंगडा झाला. वरिष्ठ त्याच्यावर खूश असत.

तो खेळायचाही तसाच. पहिल्या पाच सहा चालींत वजीर बाहेर, उंट समोरच्या राजाच्या दारात, मग एक घोडा फेकायचा, एक हत्ती फेकायचा, आणि शहावर शह. समोरचा घाबरला की मात. आम्हा बहुतेकांना तो असंच हरवायचा, कारण आम्ही घाबरायचो. एनॉक घाबरत नसे. तो भट्टीवरची क्रेन चालवायचा, वितळलेल्या तांब्याच्या कढया लोकांच्या डोक्यावरून फिरवायचा, त्यामुळे धीर त्याच्या अंगातच होता. त्या शनिवारी सायलसनं घोडा दिला, एनॉकनं घेतला. सायलसनं हत्ती दिला, एनॉकनं तोही घेतला आणि राजा शांतपणे कोपऱ्यात सरकवला. सायलसचे शह संपले. उरलेल्या पटाकडे बघून एनॉक हसला.

"काय पोलीससाहेब, दांडका घरी विसरलात वाटतं?"

पुढचं मी सांगितलंच आहे.

एनॉकचा जबडा त्याच संध्याकाळी तारांनी बांधला तो बाना लोंबेंनी. म्हणजे डॉक्टरनं बांधला, पण खाणीच्या दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या खोलीत मुख्य परिचारिका म्हणून कारभार त्यांचाच चाले. लोंबेची आई म्हणून बाना लोंबे. त्यांचं नाव अगाथा हे कुणाच्या फारसं लक्षातही नव्हतं. नवरा खडक फुटून खाणीत गेला होता. बुद्धिबळ त्याच्याकडून शिकलेल्या. आमच्या क्लबात त्यांच्याइतकं चांगलं कुणीच खेळत नसे. त्या हल्ला करताना कधी दिसायच्याच नाहीत. बघता बघता आपल्याला हलायला जागा उरायची नाही, एवढंच कळायचं.

सायलसला आम्ही क्लबातून काढलं. खाणीनं त्याला समज दिली आणि पुन्हा फाटकावर उभा केला. एनॉकचा जबडा जुळला, पण वाकडा. चर्चच्या गायकवृंदात तो खालच्या पट्टीत गायचा. आता त्याच्या तोंडातून शब्द निसटायचे, सूर तर दूरच. गाणं सुटलं. बिअरच्या गुत्त्यात त्याला पोरी 'वाकड्या' म्हणायला लागल्या. तो कुणाशी भांडला नाही. शनिवारी यायचा, खेळायचा, जायचा. आम्हाला वाटलं, विसरला.

मग तो डिसेंबर आला, ज्यात मक्याच्या पिठाचे भाव एका रात्रीत दुपटीवर गेले. सकाळी बायका रिकाम्या पिशव्या घेऊन दुकानांपुढे उभ्या होत्या, दुपारपर्यंत दुकानं पेटली होती. कांकोयो वस्तीत भट्टीच्या गंधकाचा धूर नेहमीचाच, त्याला आम्ही सेंटा म्हणतो. त्या दिवशी त्यात टायरांचा काळा धूर मिसळला आणि रस्त्यावरचं माणूसही दिसेना. एका बाईला गोळी लागली. पाठीवर पिठाचं पोतं होतं तिच्या. पीठ आणि रक्त मिळून रस्त्यावर जो चिखल झाला तो लोकांनी पाहिला, आणि त्यानंतर कुणी कुणाला आवरू शकलं नाही.

खाणीच्या धान्य कोठाराचं रक्षण करायला सायलसची तुकडी उभी होती. हातात ढाली आणि दांडके. समोर कांकोयोची सगळी माणसं, दगड, कोयते, सळया. अधिकारी ओरडला, "पुढे!" सायलस सुटला. त्याच्या दांडक्याखाली पहिला पडला, दुसरा पडला, गर्दी फाटत गेली आणि तो आत आत घुसत गेला. मागे वळून बघायची त्याला सवयच नव्हती. त्याच्या मागची रांग केव्हाच कोठाराच्या भिंतीशी परत गेली होती.

गर्दी त्याच्यामागे बंद झाली.

दगड डोक्याला लागला तसा तो गुडघ्यावर आला. मग लाथा. कुणीतरी ढाल ओढून घेतली आणि तीच त्याच्या तोंडावर आपटली. बरगड्या मोडल्या. तो पालथा पडला, उजवा हात पुढे पसरलेला, मुठीत अजून दांडका. एका बुटानं त्याचं मनगट जमिनीला दाबून धरलं. सायलसनं मान वर केली. लोखंडी सळई घेतलेला माणूस तोंडाला फडकं बांधून होता, पण ते घसरलं होतं, आणि खालचा जबडा वाकडा होता.

एनॉकनं सळई दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि खाली आणली. पुन्हा नेली. बोटांची हाडं डांबरावर पसरेपर्यंत तो थांबला नाही.

दवाखान्यात त्या दिवशी जमिनीवरही जागा नव्हती. बाना लोंबे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उभ्या होत्या. सायलसचा अंगठा वाचला. बाकी पंजा काढावा लागला. तो शुद्धीवर आल्यावर सरकारी पोलीस जबाब घ्यायला आले. मी भेटायला गेलो होतो, पलंगापाशीच होतो.

"कोणी मारलं? ओळखलंस का?"

"धूर होता," सायलस म्हणाला. "तोंड बांधलेलं होतं."

पोलीस गेल्यावर तो माझ्याकडे वळला. तोंड सुजून डोळे नुसत्या फटी झाले होते.

"गुरुजी, एनॉक होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुरुंगात गेला तर माझ्या हाताला कसा लागेल? मला तो बाहेर हवाय. मी त्याचा गळा कापणार आहे. डाव्या हातानं कापायला शिकेन."

तो चेष्टा करत नव्हता. मी हे बाना लोंबेंना सांगितलं. त्या हात धूत होत्या. वळल्या नाहीत. "एकाचा जबडा मी बांधला, दुसऱ्याचा हात मी कापला," म्हणाल्या. "आता दोघांची प्रेतं धुवायला मला वेळ नाही."

दुसऱ्या दिवशी त्या सायलसच्या पलंगापाशी पट घेऊन आल्या.

"मला नाही खेळायचं."

"तुला विचारलं कुणी? मोहरे मांड. डाव्या हातानं. माझी एक अट आहे. पहिल्या पंधरा चालींत काहीही मारायचं नाही."

"मग करायचं काय? पूजा?"

"आपला सगळ्यात निकामी मोहरा शोधायचा आणि त्याला कामाला लावायचं. एवढंच. दर चालीला."

सायलसनं पहिल्या दिवशी पट पलंगावरून ढकलून दिला. बाना लोंबेंनी मोहरे वेचले आणि त्याचं दुखऱ्या जागी द्यायचं इंजेक्शन जरा जास्तच सावकाश दिलं. दुसऱ्या दिवशी तो खेळला. हरला. तिसऱ्या दिवशी हरला. त्या कामाच्या मध्ये मध्ये येत, एक चाल करत, आणि जाता जाता काहीतरी बोलून जात. शेजारच्या पलंगावरचे रुग्णही कान देऊन ऐकायचे.

"तुझा हा उंट बघ. चारी बाजूंनी तुझीच प्यादी. तूच त्याला कोंडलंस."

"तुम्ही मला काही करूच देत नाही."

"मी काय करणार आहे हे तू एकदा तरी स्वतःला विचारलंस का? तुझं सगळं लक्ष तुझ्या हातावर. गर्दीतही तेच केलंस. मागे कोण आहे बघितलंस का?"

हातातला वजीर सायलसनं इतका आवळला की हातात वळ उठला. पण तो फेकला नाही.

घरी आल्यावर त्याची बायको एडिना त्याला न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, भरवायला लागली. आपल्याकडे उजव्या हातानं गोळा करून खायचा, डावा हात ताटात घालणं म्हणजे शरमेची गोष्ट. चाळीशीचा धिप्पाड गडी बायकोच्या हातून कापेंटा मासे खातोय हे शेजाऱ्यांनी खिडकीतून बघितलं की तो ताट भिंतीवर मारायचा. एडिनावर त्यानं हात कधी उचलला नव्हता, पण त्या घरात एकही आख्खी ताटली उरली नव्हती. "आता टिनाच्या आणते," एडिना मला म्हणाली. "फुटत तरी नाहीत. नुसता आवाज होतो."

खाणीनं त्याला नोकरीवरून काढलं. दिवस मोकळा. तो रोज बाना लोंबेंच्या ओसरीवर जाऊन बसायचा आणि त्या कामावरून यायची वाट बघायचा. त्या मुनकोयोचा, मक्याच्या आंबट पेयाचा, तांब्या मध्ये ठेवून खेळायच्या. एक दिवस मीही होतो. त्यांनी सायलसच्या प्याद्यावर बोट ठेवलं.

"हे पुढे टाकलंस. का?"

"पुढे जायचं म्हणून."

"घोडा परत येतो, हत्ती परत येतो, वजीर परत येतो. हे बिचारं नाही येत. आणि ते पुढे गेलं म्हणून त्याच्या मागचं हे घर बघ. आता इथं माझा घोडा येऊन बसणार, आणि त्याला हाकलायला तुझ्याकडे एकही प्यादं नाही. संध्याकाळपर्यंत बसणार तो."

सायलसनं त्या रिकाम्या घरावर बोट टेकवलं. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही मला मारत नाही. मी जिथं दुबळा झालोय तिथं नुसत्या येऊन बसता."

"झालं एकदाचं," बाना लोंबे म्हणाल्या आणि स्वतःला मुनकोयो ओतून घेतला.

त्याच्यात फरक पडला तो पटावर. माणसात पडला असं मी म्हणणार नाही. घराच्या मागच्या आवारात तो बकऱ्याचं कातडं सोलायची सुरी डाव्या हातात धरून केळीच्या खांबावर वार करायचा. हे मला एडिनानं सांगितलं.

पुढच्या वर्षी बाना लोंबेंनी हट्ट धरून त्याला क्लबात परत घेतलं. वार्षिक स्पर्धा लागली. शेवटच्या फेरीत सायलस आणि एनॉक समोरासमोर आले. मी बाना लोंबेंना म्हटलं, "ही जोडी बदलू या." त्या म्हणाल्या, "कुठवर बदलाल?"

त्या शनिवारी सायलस कोट घालून आला. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे पावसाळी उकाडा, आणि त्यात कोट. सुरी आतल्या खिशात होती. हे त्यानं मला नंतर सांगितलं. डाव संपला की एनॉकला पाण्याच्या टाकीमागे गाठायचं त्यानं ठरवलं होतं. डाव आधी पुरा करायचा हेही ठरवलं होतं.

एनॉकला सायलसचा जुना खेळ ठाऊक होता, म्हणून तो आमिष दाखवायला लागला. राजासमोरचं प्यादं उघडं टाकलं. घे, आणि घुस आत. सायलसनं त्या प्याद्याकडे बघितलं. मग त्यानं आपला घोडा उचलला आणि मागे, पार पहिल्या रांगेत नेऊन ठेवला.

"घोडा घरी चालला!" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

बाना लोंबे हसल्या नाहीत. दोन चालींनी तो घोडा दुसऱ्या बाजूनं वर आला, आणखी एका चालीनं पटाच्या मधल्या घरात जाऊन बसला, आणि तिथून त्याला हाकलायला एनॉककडे प्यादं नव्हतं. मग सायलसनं आपला चांगला दिसणारा उंट देऊन एनॉकचा एकमेव चपळ घोडा काढून घेतला. एनॉककडे उरला एक उंट, आणि तो फिरायचा त्याच रंगाच्या घरांवर त्याचीच सगळी प्यादी अडकून बसलेली. हत्ती गेले, वजीर गेले. सायलस कुठंही घाई करेना. एनॉकचा उंट एक प्यादं सांभाळत होता, राजा दुसरं. एनॉक घाम पुसायला लागला. मारामारी झाली असती तर तो लढला असता. इथं लढायला काही नव्हतं. जे हलवावं ते पडत होतं.

त्यानं एक चाल केली. सायलसनं राजा एक घर सरकवला. एनॉकनं उंट मागे घेतला. सायलसनं पुन्हा राजा एक घर सरकवला.

"मार ना!" एनॉक एकदम ओरडला. वाकड्या तोंडातून शब्द फाटून आले. "काय खेळवतोयस? मार एकदाचं! मीच तोडला तुझा हात! माहीत आहे ना तुला? मीच!"

मागचे लोक खुर्च्यांवरून उठले.

"माहीत आहे," सायलस म्हणाला. "तुझी चाल आहे."

एनॉकनं टेबल उलटलं आणि त्याच्या गळ्यावर झेपावला. दोघं भिंतीवर आदळले, कोट फाटला, सुरी फरशीवर पडली. ती एनॉकच्या हाती लागली. पहिला वार सायलसच्या गालावर बसला, कानापासून ओठापर्यंत. दुसरा त्यानं उजव्या थोट्या हातावर झेलला. मग डाव्या मुठीचा एकच ठोसा. एनॉकचं नाक फुटलं, तो उताणा पडला. सायलस त्याच्या छातीवर बसला, गुडघ्याखाली त्याचा हात दाबून सुरी काढून घेतली, आणि पातं त्याच्या गळ्यावर टेकवलं. सायलसच्या गालातून रक्त एनॉकच्या तोंडावर टपकत होतं. गळ्यावर पात्याच्या धारेखाली एक लाल रेघ उमटली.

आम्ही वीसेक माणसं होतो. एकही हललं नाही. बाना लोंबेही नाहीत. त्यांच्या ओठांवरून मला वाटलं, त्या प्रार्थना करत होत्या.

सायलस उठला. सुरी मूठ पुढे करून माझ्या हातात दिली आणि भिंतीशी जाऊन बसला.

नंतर मी त्याला विचारलं, का सोडलंस? वाटलं होतं, देवाचं किंवा एडिनाचं नाव घेईल. तो म्हणाला, "डाव माझा होता, गुरुजी. तिथंच कापला असता तर सगळे म्हणाले असते, सायलस हरत होता म्हणून चिडला. पूर्वीसारखा."

त्या संध्याकाळी बाना लोंबेंनी एकाच्या गालाला टाके घातले आणि दुसऱ्याच्या नाकात बोळे कोंबले. दोघं एकाच बाकावर बसलेले. "तुमची हाडं सांधता सांधता माझी नोकरी संपत आली," त्या म्हणाल्या. "मी निवृत्त झाल्यावर तरी दुसरा दवाखाना बघा."

पोलिसांत कुणी गेलं नाही. क्लबाच्या समितीत काहींचं म्हणणं पडलं की एनॉकला हरलेला धरा, काहींचं की दोघांनाही हाकला. सायलस म्हणाला, डाव पुरा करायचा. मोहरे कुठे कुठे होते ते आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. पुढच्या शनिवारी पट पुन्हा मांडला. सायलसचं तोंड टाक्यांनी शिवलेलं, एनॉकचं नाक कोबीएवढं झालेलं. खोली खच्चून भरली होती. खरं सांगायचं तर बरेच जण रक्त बघायला आले होते.

पण एनॉकनं आठवडाभर डोकं चालवलं होतं. तो उंट, जो इतका वेळ गुलामासारखा प्यादी राखत होता, तो त्यानं सरळ देऊन टाकला. बदल्यात दोन प्यादी घेतली. सायलस राजा घेऊन धावला, उरलेली प्यादी एकमेकांत कापली गेली, आणि सायलसचं शेवटचं प्यादं एनॉकच्या राजानं गिळलं. पटावर सायलसचा राजा आणि घोडा, समोर एकटा राजा. एकट्या घोड्यानं मात होत नाही. बरोबरी.

सायलसनं दात आवळले. गालावरचा टाका ताणला गेला, त्यातून रक्ताचा एक थेंब आला. मी खुर्ची मागे सरकवून तयार झालो. त्यानं मूठ टेबलावर अशी आपटली की चहाचा कप उडून फुटला.

"राजा!" तो ओरडला. "मी राजा आधी मध्ये आणायला हवा होता. दोन चाली वाया घालवल्या."

एनॉकनं बोळा सावरला. "त्याच्याही आधी," म्हणाला. "हे कडेचं प्यादं. हे पुढे टाकलंस तिथंच मी सुटलो."

"कुठे? दाखव."

एनॉकनं दाखवलं. सायलसला पटलं नाही. दोघं पहारेकरी कुलूप घेऊन येईपर्यंत भांडत होते. एकमेकांच्या घरी ते कधी जेवले नाहीत, एकमेकांना माफ केलं असं कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. एनॉकची नोकरी गेल्यावर तो सोल्वेझीच्या नव्या खाणीकडे निघून गेला. तोवर मात्र शनिवारी दोघांचा एक डाव व्हायचाच.

सायलस पुढे क्लबात शिकवायला लागला. नवा माणूस धावत हल्ला करायला निघाला की तो थोटा हात पटावर ठेवून म्हणायचा, "थांब. तुझा सगळ्यात निकामी मोहरा कोणता? आणि त्याला काय हवंय?" राग त्याचा गेला नाही, बँकेतल्या एका कारकुनाला त्यानं एकदा कॉलर धरून उभा केला होता, कारण तो प्यादी उगाच पुढे ढकलत होता. पण सोडलं लगेच.

एकदा एक लंगडा माणूस काठी टेकत आला. कधीकाळी तारा चोरताना सायलसच्या दांडक्याखाली सापडलेला. आम्हाला वाटलं, शिकायला आलाय. मी त्याला खुर्चीही दिली. तो बसला नाही. सायलसपुढे उभा राहिला, त्याच्या तोंडावर थुंकला, आणि आला तसा काठी आपटत निघून गेला. सायलसची मूठ वळली, पुन्हा सुटली. त्यानं बाहीनं तोंड पुसलं. त्या दिवशी तो काही शिकवू शकला नाही, पट आवरून घरी गेला. पुढच्या शनिवारी आमच्या आधी येऊन बसला होता, मोहरे मांडून.